निवड संघाची, भवितव्य खेळाडूचे

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल साखळीत नवोदित खेळाडूंच्या वाटपाचा सोहळा, अर्थात ‘ड्राफ्ट’, दरवर्षी उन्हाळ्यात पार पडतो. २०२५ चा सोहळा २५ जून रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे सुरू झाला, तेव्हा पाचव्या क्रमांकावर युटा जॅझ या संघाने रटगर्स विद्यापीठाच्या एस बेली या तरुणाचे नाव पुकारले. बेलीच्या गुणवत्तेबद्दल फारशी शंका नव्हती. शंका होती ती तो युटाला जाईल काय, याबद्दल. निवडीपूर्वी तो कोणत्याही संघाकडे चाचणीसाठी गेला नव्हता. फिलाडेल्फियाच्या संघाशी ठरलेली भेटही ऐनवेळी रद्द करण्यात आली होती. आपल्याला विशिष्ट संघांकडेच जावयाचे आहे, असा संदेश त्याच्या सल्लागारांनी दिल्याच्या बातम्या आधीच पसरल्या होत्या. अखेरीस बेली काही दिवस उशिरा का होईना, सॉल्ट लेक सिटीला पोहोचला. पुढे त्याने करारावर सही केली आणि वाद मिटला.

वाद मिटला तरी त्यामागील प्रश्न जुनाच आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाने आपल्या आयुष्यातील पहिली नोकरी कोणत्या शहरात, कोणाच्या हाताखाली करावी, हे ठरविण्याचा अधिकार नेमका कोणाचा? निवड चुकली तर संघाला बोल लावला जातो. खेळाडूने नकार दिला तर त्याला कृतघ्न ठरविले जाते. या दोन्ही निवाड्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे भविष्य आधीच दिसायला हवे होते, ही अवास्तव अपेक्षा.

वाटपाची रीत

ड्राफ्टची पद्धत १९४७ मध्ये, म्हणजे या साखळीच्या आरंभकाळातच सुरू झाली. आदल्या हंगामात ज्या संघाची कामगिरी सर्वांत खराब, त्याला नव्या खेळाडूंमधून निवड करण्याची संधी आधी, हे तिचे मूळ तत्त्व. दुबळ्या संघाला बळ मिळावे आणि सामन्यांतील चुरस टिकून राहावी, हा त्यामागील हेतू होता. प्रारंभी प्रेक्षकांची ओढ टिकविण्यासाठी स्थानिक महाविद्यालयातील नामवंत खेळाडू आपल्याकडे राखून घेण्याची सवलतही संघांना होती. ती १९६५ नंतर बंद झाली. त्यानंतर पहिला क्रमांक दोन दुबळ्या संघांत नाणेफेक करून ठरविण्यात येऊ लागला आणि १९८५ पासून सोडत सुरू झाली.

सोडत आणण्याचे कारण उघड होते. शेवटून पहिला येणाऱ्याला बक्षीस मिळणार असेल, तर मुद्दाम हरण्याचा मोह कोणालाही होणारच. हा मोह कमी करण्यासाठी सोडतीचे नियम वेळोवेळी बदलण्यात आले. २०१९ मध्ये तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची समान, म्हणजे १४ टक्के संधी देण्यात आली. या नियमाचा फटका २०२५ मध्ये युटालाच बसला. ८२ पैकी केवळ १७ सामने जिंकून हा संघ साऱ्या साखळीत तळाला होता. तरीही सोडतीत त्याच्या वाट्याला पाचवा क्रमांक आला. दुसरीकडे, अवघी १.८ टक्के संधी असलेल्या डॅलस मॅव्हरिक्सला पहिला क्रमांक लाभला आणि कूपर फ्लॅग हा बहुचर्चित खेळाडू त्यांच्या हाती लागला.

संघाच्या बाजूने हा दैवाचा खेळ असतो. खेळाडूच्या बाजूने तर तो पूर्णपणे दुसऱ्याचा निर्णय असतो. ज्या संघाने नाव पुकारले त्याच्याशीच त्याला एनबीएचा करार करता येतो. पहिल्या फेरीतील खेळाडूचे वेतनही क्रमांकानुसार जवळपास ठरलेले असते. ही वेतनश्रेणी १९९५ च्या सामूहिक करारातून आली. आदल्याच वर्षी मिलवॉकीने प्रथम क्रमांकावर निवडलेल्या ग्लेन रॉबिन्सनने १० कोटी डॉलरची मागणी केल्याचे वृत्त होते, आणि अखेर दहा वर्षांसाठी सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली होती. नवख्यांनी एवढे ताणून धरू नये, यासाठी पुढे श्रेणीच ठरवून टाकण्यात आली. पहिल्या फेरीतील खेळाडूच्या करारात सर्वसाधारणपणे दोन वर्षे निश्चित असतात आणि पुढील दोन संघाच्या मर्जीवर. त्यानंतरही दुसऱ्या संघाने देऊ केलेल्या रकमेइतकीच रक्कम देऊन त्याला थोपवून धरण्याचा हक्क मूळ संघाकडे राहू शकतो. खेळाडूची कारकीर्द आधीच छोटी. तिच्यातील पहिली चार-पाच वर्षे ही अशी बांधलेली असतात.

पोर्टलंडची ‘चूक’

निवडीच्या चुकांची यादी निघाली की पहिले नाव येते ते पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सचे. १९८४ च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टनने नाणेफेक जिंकून हकीम ओलाजुवॉनची निवड केली. दुसरा क्रमांक पोर्टलंडचा होता. त्यांनी केंटकी विद्यापीठाचा उंचापुरा खेळाडू सॅम बोवी याला घेतले आणि तिसऱ्या क्रमांकावर शिकागोच्या वाट्याला मायकेल जॉर्डन आला. पुढे जॉर्डनने शिकागोला सहा विजेतेपदे मिळवून दिली. बोवीची कारकीर्द पायाच्या वारंवार होणाऱ्या फ्रॅक्चरमध्ये अडकली. तेव्हापासून आजतागायत पोर्टलंडचे नाव या एका निर्णयासाठी घेतले जाते.

तथापि, तो दिवस त्या दिवसाच्याच नजरेने पाहिला तर चित्र वेगळे दिसते. पोर्टलंडकडे जॉर्डनच्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर हा अत्यंत होतकरू खेळाडू होता. त्यांनी त्याला आदल्याच वर्षी निवडले होते. संघाला उणीव होती ती बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची, आणि त्या काळात विजेतेपदाचा मार्ग उंच खेळाडूंमधूनच जातो, असा सार्वत्रिक समज होता. ड्रेक्सलरवरील विश्वासही अनाठायी नव्हता. त्याच्या बळावर पोर्टलंडने १९९० आणि १९९२ मध्ये अंतिम फेरी गाठली. १९९२ मध्ये त्यांना हरविणारा संघ जॉर्डनचा होता, हा दैवदुर्विलास.

बोवीच्या पायाबाबत संघाने काळजी घेतली नव्हती, असेही नाही. त्याची दीर्घ वैद्यकीय तपासणी करण्यात आली होती. २०१२ मध्ये प्रसारित झालेल्या एका माहितीपटात बोवीने स्वतःच सांगितले की, तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी नडगीवर ठोकून पाहिले, तेव्हा आपण काहीच जाणवत नसल्याचे सांगितले. प्रत्यक्षात आतून दुखत होते. या कबुलीवरून त्याला खोटारडा ठरविणे सोपे आहे. परंतु केंटकीत असताना दुखापतीमुळे त्याची दोन वर्षे वाया गेली होती. आयुष्यभराची कमाई ज्या एका दिवसावर अवलंबून आहे, त्या दिवशी ‘दुखते’ असे म्हणण्याचे धैर्य किती जणांना झाले असते? खेळाडूला संघ निवडण्याची मुभा नसेल, तर आपली निवड व्हावी यासाठी वेदना लपविणे एवढेच त्याच्या हाती उरते.

शहाणपण मागाहूनचे

पश्चातबुद्धीचे असे प्रसंग पुढेही घडत राहिले. २००३ मध्ये डेट्रॉइटने दुसऱ्या क्रमांकावर सर्बियाच्या अठरा वर्षांच्या डार्को मिलिचिचला घेतले. त्याच्या पाठोपाठच्या तीन क्रमांकांवर कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड हे तिघे निवडले गेले. तिघांचीही पुढे मोठी नावे झाली. मिलिचिच मात्र बाकावरच बसून राहिला आणि २००६ च्या फेब्रुवारीत त्याला ऑर्लँडोकडे धाडण्यात आले. येथेही एक गोष्ट विसरली जाते. डेट्रॉइटचा संघ तेव्हा इतका बळकट होता की २००४ मध्ये त्याने विजेतेपद पटकावले. म्हणजे विजेतेपदासाठी झगडणाऱ्या संघात एका कोवळ्या मुलाला शिकण्यासाठी लागणारा वेळ मिळणे शक्यच नव्हते. दुबळ्या संघात त्याला रोज खेळावे लागले असते. तसे झाले असते तर तो काय बनला असता, हे कोणीही सांगू शकत नाही.

२००७ मध्ये पोर्टलंडने ग्रेग ओडेनला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि सिएटलने केविन ड्युरांटला दुसऱ्यावर. तेव्हा बहुसंख्य जाणकारांचा कौल ओडेनच्याच बाजूने होता. गुडघ्यांनी दगा दिल्याने ओडेन साऱ्या कारकीर्दीत एनबीएचे अवघे १०५ नियमित सामने खेळला. ड्युरांट २०१४ मध्ये साखळीतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वेळी ओडेनच्या बाजूने बोलणारे बहुतेक जण पुढे पोर्टलंडवर टीका करणाऱ्यांत सामील झाले. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण खेळांच्या समीक्षेला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला पडत असेल.

याची दुसरी बाजू निकोला योकिचच्या उदाहरणातून दिसते. २०१४ मध्ये डेन्व्हरने त्याला ४१ व्या क्रमांकावर घेतले. दूरचित्रवाणीवर त्या क्षणी जाहिरात सुरू होती. पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२३ मध्ये त्याने डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिले. या निवडीबद्दल डेन्व्हरच्या दूरदृष्टीचे कौतुक होते, आणि ते योग्यही आहे. परंतु त्याच ड्राफ्टमध्ये, योकिचच्या आधी २५ क्रमांकांवर, डेन्व्हरने स्वतःसाठी त्याच जागी खेळणारा दुसरा खेळाडू मिळविला होता. त्याचे नाव युसूफ नुर्किच. योकिच काय होणार, हे खुद्द डेन्व्हरला ठाऊक असते, तर त्यांनी ४१ व्या क्रमांकापर्यंत वाट पाहिली नसती.

नकाराचा इतिहास

जे भविष्य अनुभवी व्यवस्थापकांना दिसत नाही, ते खेळाडूंना दिसते काय? नकार देणाऱ्या खेळाडूंच्या कहाण्या तपासल्या, तर याचे उत्तरही ‘नाही’ असेच येते.

१९८९ मध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्सने ड्यूक विद्यापीठाच्या डॅनी फेरीला दुसऱ्या क्रमांकावर निवडले. क्लिपर्स तेव्हा सतत हरणारा संघ म्हणून कुप्रसिद्ध होता. फेरीने थेट इटलीची वाट धरली आणि रोमच्या संघाशी करार केला. नाइलाजाने क्लिपर्सने त्याचे हक्क क्लीव्हलँडला दिले आणि बदल्यात रॉन हार्पर हा सिद्ध खेळाडू मिळविला. यात हानी कोणाची झाली? हार्परच्या साथीने क्लिपर्स १९९२ आणि १९९३ मध्ये बाद फेरीत पोहोचला. फेरी तेरा हंगाम खेळला, पण त्याच्याकडून ज्या अपेक्षा होत्या त्या पूर्ण झाल्या नाहीत. नकार पचला, पण त्यातून मोठी कारकीर्द घडली नाही.

कोबी ब्रायंटचे उदाहरण नेमके उलटे आहे. १९९६ मध्ये न्यू जर्सी नेट्सकडे आठवा क्रमांक होता आणि त्यांचे प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांना शालेय बास्केटबॉलमधून थेट आलेला हा मुलगा हवा होता. ब्रायंटच्या बाजूने न्यू जर्सीला येण्याची तयारी नसल्याचे कळविण्यात आले. नेट्सने धोका न पत्करता केरी किटल्सला घेतले. ब्रायंट तेराव्या क्रमांकावर शार्लटच्या नावे निवडला गेला आणि व्लादे दिवाचच्या बदल्यात लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला. तेथे तो वीस हंगाम खेळला आणि पाच विजेतेपदांचा मानकरी झाला. किटल्स हा काही अपयशी खेळाडू नव्हता. २००२ आणि २००३ मध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या नेट्स संघात तो होता. तरीही त्याचे नाव निघते ते ‘कोबीऐवजी घेतलेला’ म्हणूनच.

स्टीफन करीची गोष्ट आणखी बोलकी आहे. २००९ मध्ये मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या अशा लागोपाठच्या दोन क्रमांकांवर रिकी रुबियो आणि जॉनी फ्लिन हे दोन गार्ड निवडले आणि करी सातव्या क्रमांकापर्यंत खाली आला. आठवा क्रमांक न्यूयॉर्क निक्सचा होता आणि करीच्या निकटवर्तीयांचा ओढा तिकडेच होता. गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला घेऊ नये, असे त्यांच्याकडून सुचविण्यात आल्याचे पुढे उघड झाले. वॉरियर्सने ते मानले नाही. पहिल्या काही हंगामांत घोट्याच्या दुखापतींनी करी बेजार झाला, पण संघाने त्याची साथ सोडली नाही. पुढे २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ अशी चार विजेतेपदे त्याने याच संघाला मिळवून दिली. आपल्या मुलाचे हित कशात आहे, हे वडिलांनाही नेमके कळले नव्हते. करीचे वडील डेल हे स्वतः एनबीएत दीर्घकाळ खेळलेले होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

व्हँकुव्हरची जखम

नकाराची किंमत मोजणारा तिसरा पक्षही असतो, तो म्हणजे ज्या शहराला नकार मिळाला ते शहर. १९९९ मध्ये व्हँकुव्हर ग्रिझलीजने मेरीलँड विद्यापीठाच्या स्टीव्ह फ्रान्सिसला दुसऱ्या क्रमांकावर निवडले. नाव पुकारले गेले तेव्हाची त्याची नाराजी लपली नाही. घरापासूनचे अंतर, कॅनडातील कर, जाहिरातींच्या उत्पन्नावर होणारा परिणाम अशी कारणे पुढे आली. दोनच महिन्यांत, ऑगस्ट १९९९ मध्ये, तीन संघ आणि अकरा खेळाडूंचा समावेश असलेल्या मोठ्या व्यवहाराद्वारे त्याला ह्यूस्टनकडे पाठविण्यात आले. पहिल्याच हंगामात तो एल्टन ब्रँडसह सर्वोत्तम नवोदित खेळाडूच्या पुरस्काराचा विभागून मानकरी ठरला. व्हँकुव्हरमध्ये खेळायला आला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली.

१९९५ मध्ये स्थापन झालेला हा संघ २००१ मध्ये मेम्फिसला हलविण्यात आला. व्हँकुव्हरमधील सहा हंगामांत त्याला एकदाही बाद फेरी गाठता आली नव्हती. फ्रान्सिसच्या नकारामुळेच संघ गेला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कॅनेडियन डॉलरची घसरण, सततचे पराभव आणि मालकीतील बदल ही कारणे अधिक खोल होती. पण आपल्या शहरात यायला कोणी तयार नाही, ही भावना तेथील प्रेक्षकांच्या मनात घर करून बसली, हेही नाकारता येत नाही. ड्राफ्टचे समर्थन करणारे नेमका हाच मुद्दा मांडतात. खेळाडूंना मोकळीक दिली तर सारे जण लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि मायामीकडे धाव घेतील आणि मिलवॉकी, ओक्लाहोमा सिटी किंवा सॉल्ट लेक सिटीसारख्या शहरांनी काय करायचे?

हा युक्तिवाद वजनदार आहे. मिलवॉकीने २०१३ मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवडलेल्या यानिस अँटेटोकूनम्पोने २०२१ मध्ये त्या शहराला विजेतेपद मिळवून दिले. ड्राफ्ट नसता तर हे घडणे कठीण होते. पण ही पद्धत समता आणते, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी एक आकडा पाहणे आवश्यक ठरते. २०२५ पर्यंतच्या ७९ विजेतेपदांपैकी ३५ केवळ दोन संघांकडे गेली आहेत. बोस्टन सेल्टिक्सकडे १८ आणि लेकर्सकडे १७. जवळपास आठ दशके ड्राफ्ट राबवूनही तराजू पूर्णपणे समतोल झालेला नाही.

न्यायालयाच्या दारात

खेळाडूंनी या व्यवस्थेला न्यायालयातही आव्हान दिले. खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नावाने १९७० मध्ये दाखल झालेला खटला १९७६ मध्ये तडजोडीने मिटला. खेळाडूला जन्मभर एकाच संघाशी जखडून ठेवणारी तरतूद त्यामुळे मोडीत निघाली. ड्राफ्टच्या हक्कांनाही मुदत आली. करार न करणारा खेळाडू वर्षभर थांबला, तर तो पुढील ड्राफ्टमध्ये पुन्हा उतरू शकतो, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले. १९८७ मध्ये सॅन अँटोनिओने निवडलेल्या डेव्हिड रॉबिन्सनला नौदलातील दोन वर्षांच्या सेवेमुळे या मुदतीचा लाभ घेता आला असता. त्याने तो घेतला नाही. उलट त्याच संघाशी करार करून १९९९ आणि २००३ ची विजेतेपदे मिळविली.

दुसरे आव्हान लिऑन वूड या खेळाडूने दिले. १९८४ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडले आणि वेतनमर्यादा गाठली गेल्याचे सांगून एका वर्षासाठी ७५ हजार डॉलर देऊ केले. मुक्त बाजारात आपल्याला अधिक मिळाले असते, असे म्हणत तो मक्तेदारीविरोधी कायद्याच्या आधारे न्यायालयात गेला. १९८७ मध्ये अपील न्यायालयाने त्याचे म्हणणे फेटाळले. ड्राफ्ट आणि वेतनमर्यादा हे खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यातील सामूहिक कराराचे भाग आहेत, आणि कारखान्यात नव्याने रुजू होणाऱ्या कामगाराप्रमाणे नव्या खेळाडूलाही तो करार बंधनकारक आहे, असा त्या निकालाचा आशय होता. हाच वूड पुढे एनबीएचा पंच झाला. आजही ड्राफ्टचा कायदेशीर पाया तोच आहे. मात्र त्यातील पेच कायम आहे. ज्या करारान्वये नवख्याचे स्वातंत्र्य मर्यादित होते, तो करार होताना नवखा तेथे हजर नसतो. त्याच्या वतीने सही करणाऱ्या जुन्या खेळाडूंचे हित त्याच्या हिताशी जुळेलच, असे नाही.

नकार कोणाला परवडतो?

कायद्याने दिलेली वर्षभर थांबण्याची मुभा प्रत्यक्षात फार थोड्यांच्या उपयोगाची आहे. फेरीला रोमचा संघ वेतन देत होता. मिनेसोटाने निवडलेला रुबियो बार्सिलोनाकडून खेळत राहिला आणि दोन वर्षांनी, २०११ मध्ये, अमेरिकेला आला. २००७ मध्ये मिलवॉकीने निवडलेल्या चीनच्या यी जियानलियानच्या मागे त्याचा मायदेशातील संघ होता. मोठ्या आशियाई वस्तीचे शहर मिळावे, अशी त्याच्या बाजूची अपेक्षा होती. करार व्हायला ऑगस्टअखेर उजाडला आणि वर्षभरातच त्याची रवानगी न्यू जर्सीला झाली. २०२४ मध्ये लेब्रॉन जेम्स यांचा मुलगा ब्रॉनी ५५ व्या क्रमांकापर्यंत लेकर्ससाठी उपलब्ध राहिला. इतर कोणी घेतल्यास तो ऑस्ट्रेलियाला जाईल, असा इशारा त्याच्या प्रतिनिधींनी संघांना दिल्याचे ड्राफ्टच्या थेट प्रक्षेपणातच सांगण्यात आले होते.

याउलट, ज्याचे घर त्याच्या पहिल्या वेतनाची वाट पाहत आहे, त्या मुलाने एक वर्ष थांबायचे म्हणजे दुखापतीचा आणि विस्मरणाचा धोका पत्करायचा. २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडलेला पंजाबचा सतनाम सिंग हा एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. त्याच्यासारख्याला, किंवा दुसऱ्या फेरीतील कोणालाही, संघ नाकारण्याचा विचारही परवडणारा नव्हता. सतनामला पुढे एनबीएचा एकही नियमित सामना खेळायला मिळाला नाही.

भारतीय वाचकांना हा पेच परका वाटू नये. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीगच्या आरंभी १९ वर्षांखालील विश्वविजेत्या संघातील खेळाडूंचे वाटप ड्राफ्टनेच झाले होते. दिल्लीच्या संघाने दिल्लीच्याच विराट कोहलीऐवजी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप संगवानला घेतले आणि कोहली बंगळूरूकडे गेला. दिल्लीकडे वीरेंद्र सेहवाग, गौतम गंभीर यांच्यासारखे फलंदाज होते. गोलंदाजाची गरज होती. पोर्टलंडचा हिशेबही नेमका असाच होता. नकाराचेही उदाहरण याच स्पर्धेत सापडते. राजस्थानशी कराराचे नूतनीकरण न करता अन्य संघाशी बोलणी केल्याबद्दल रवींद्र जडेजाला २०१० च्या हंगामातून बाद करण्यात आले होते. २०२५ मध्ये दिल्लीने लिलावात घेतलेल्या इंग्लंडच्या हॅरी ब्रूकने माघार घेतली, तेव्हा त्याच्यावरही दोन वर्षांची बंदी आली. म्हणजे येथेही व्यवस्था खेळाडूच्या मनाची दखल घेते ती शिक्षा करण्यापुरतीच.

दोन मापे

निष्ठेची भाषा एकतर्फी कशी वापरली जाते, हे २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा दिसले. डॅलसला आदल्याच वर्षी अंतिम फेरीत नेणाऱ्या लुका डॉन्चिचला त्या संघाने अचानक लेकर्सकडे पाठविले. त्याने मागणी केली नव्हती. त्याला कल्पनाही नव्हती. चाहते संतापले, पण व्यवस्थेच्या दृष्टीने तो निव्वळ एक व्यवहार होता. आणि सुमारे तीन महिन्यांनी त्याच संघाला सोडतीत पहिला क्रमांक मिळाला. संघाने खेळाडू सोडला तर तो व्यवसाय. खेळाडूने संघ सोडू म्हटले तर तो उद्धटपणा, ही दोन मापे जोवर आहेत, तोवर एस बेलीसारख्यांचे नकार पूर्णपणे चुकीचे ठरविता येणार नाहीत.

तसेच ते पूर्णपणे शहाणपणाचेही म्हणता येणार नाहीत. करीला जे शहर नको होते तेथेच त्याचे नाव झाले. फेरीने नाकारलेल्या संघाचे त्याच्याविना भलेच झाले. संघ जसा अंदाज बांधतो तसाच खेळाडूही बांधतो, आणि दोघांचे अंदाज सारखेच चुकतात. फरक एवढाच की संघाची चूक झाली तर पुढील वर्षी त्याला पुन्हा निवड करण्याची संधी मिळते. खेळाडूला विसाव्या वर्षाची संधी दुसऱ्यांदा मिळत नाही.

ड्राफ्ट रद्द होण्याची चिन्हे नाहीत, आणि छोट्या शहरांच्या हिताचा विचार करता तो सरसकट रद्द व्हावा, असेही म्हणवत नाही. परंतु नवख्याला बांधून ठेवणारी वर्षे कमी करणे किंवा त्याच्या पसंतीची किमान नोंद घेणे, हे विषय सामूहिक कराराच्या टेबलावर आणता येण्याजोगे आहेत. तोपर्यंत दर जूनमध्ये नावे पुकारली जातील, काही चेहरे खुलतील, काही पडतील, आणि कोण चुकले याचा निवाडा दहा वर्षांनी दिला जाईल. बोवीच्या नडगीवर ठोकून पाहणाऱ्या डॉक्टरांना त्या दिवशी त्याची वेदना दिसली नव्हती. प्रेक्षागृहात बसून चाळीस वर्षांनी ती दिसते म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.